नवरा तर चांगलाच होता! : जुन्या कथांमधल्या बायका

ओसरी (धागाकर्ती)

स्त्रीच्या घुसमटीची कथा म्हटलं की आपल्यापुढे एक ठरलेला नवरा उभा राहतो. दारूडा, मारकुटा, बाहेरख्याली. त्याला चार शिव्या घातल्या की वाचक मोकळा. पण शंभर-सव्वाशे वर्षं टिकलेल्या कथा परत काढून वाचल्या तर हा नवरा त्यांत फारसा भेटतच नाही. भेटतो तो 'चांगला' नवरा. माझं म्हणणं असं की या कथा टिकल्या त्या याच्याच जोरावर.

अमेरिकन लेखिका सुझन ग्लास्पेलची 'अ ज्युरी ऑफ हर पिअर्स' (म्हणजे 'तिच्या बरोबरीच्यांची ज्युरी', १९१७) घ्या. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक एकाकी शेतघर. जॉन राइट नावाचा शेतकरी रात्री अंथरुणातच गळ्याला दोर आवळून मारला गेला आहे आणि त्याची बायको मिनी तुरुंगात आहे. शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख), सरकारी वकील आणि शेजारी हेल असे तिघे पुरावा शोधायला येतात. बरोबर शेरीफची बायको मिसेस पीटर्स आणि शेजारीण मिसेस हेल. पुरुष माडीवर आणि गोठ्यात शोधत फिरतात, बायका स्वयंपाकघरात थांबतात.

त्या स्वयंपाकघरावर लेखिकेने जी नजर फिरवली आहे तिला तोड नाही. साखरेच्या डब्याचं झाकण काढलेलं, शेजारी अर्धीच भरलेली कागदी पिशवी. टेबल निम्मं पुसलेलं, निम्मं तसंच. चेरीच्या मुरांब्याच्या बरण्या थंडीने गोठून फुटलेल्या, एक तेवढी शाबूत. वकील मळका टॉवेल पाहतो आणि बाईला घरकामाचा उरक नव्हता म्हणतो. मिसेस हेलला मात्र दिसतं की हात चालू असताना काम अचानक तुटलं आहे. मग गोधडीचे तुकडे सापडतात. सगळी शिवण नेटकी, एकाच तुकड्यावर टाके सैरावैरा. मिसेस हेल बोलता बोलता ते टाके उसवून नीट घालायला लागते. (पुरावा तिथेच पुसायला सुरुवात झाली, दोघींनाही ते कळतं आणि दोघीही बोलत नाहीत.) मग रिकामा पिंजरा, दार बिजागरीतून उखडलेलं. आणि शेवटी शिवणाच्या टोपलीत एक सुंदर पेटी, तिच्यात रेशमी कापडात गुंडाळलेला मेलेला पक्षी. मान पिरगळलेली.

आता या जॉन राइटबद्दल गावाचं मत काय? माणूस चांगला. पीत नव्हता, शब्द पाळायचा, घेतलेलं कर्ज वेळेवर फेडायचा. मिसेस हेल हे सगळं मान्य करते आणि मग म्हणते की त्याच्याशी नुसतं दोन शब्द बोलायचं तरी हाडात शिरणारा वारा अंगावर घेतल्यासारखं वाटायचं. मारहाणीचा एक शब्दही कथेत नाही.

तुम्हाला असे 'चांगले नवरे' आणखी कुठल्या कथांत भेटले? जुन्या कथाच घेऊ. आणि कृपया 'हल्लीच्या मुली' वगैरे गाडी इथे वळवू नका.

खटपट्या

पुरुषांना झोडायचा साप्ताहिक धागा आला वाटतं म्हणून उघडला, पण कथा इंटरेस्टिंग दिसते. एक शंका. ज्याने बायकोच्या पाळीव पक्ष्याची मान पिरगळली तो चांगला कसा? तुम्हीच चांगला म्हणायचं आणि तुम्हीच मेलेला पक्षी दाखवायचा.

ओसरी

@खटपट्या, मी चांगला म्हणत नाही, गाव म्हणतं. गावाच्या वहीत दारू, कर्ज आणि दिलेला शब्द यांचे रकाने असतात. बायको दिवसभरात किती माणसांशी बोलली याचा नसतो. मिनी लग्नाआधी चर्चमध्ये गायची, पांढरा पोशाख आणि निळ्या रिबिनी घालायची. या घरात पोर नाही, शेजार दूर, नवरा मुका. गाणारं काय ते तेवढं पाखरू. राइटने मान पिरगळली हेही कुणी पाहिलेलं नाही, त्या दोघींनी ते ताडलं आहे. बाकी पक्षी गेला म्हणून कुणी राइटला वाईट म्हटलं असतं का? उलट बाईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाले असते.

काळाकोट

व्यवसायाने वकील असल्यामुळे राहवत नाही. सरकारी वकील कथेत स्वतःच म्हणतो की बाकी सगळं स्पष्ट आहे, नाही ते खुनाचं कारण, आणि खटला बाईवर असला की ज्युरी कशी वागते ते माहीत आहेच. म्हणजे हवा आहे तो हेतू. तो हेतू त्या पेटीत आहे आणि मिसेस हेल ती कोटाच्या खिशात घालते. आपल्याकडे हे पुरावा नाहीसा करणं झालं. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम २०१, आता न्याय संहितेत २३८. वाचक म्हणून डोळे पाणावतात हो, पण झोपलेल्या माणसाच्या गळ्याला दोर लावलाय, हे या धाग्यात जरा बाजूला पडलं आहे.

आणखी एक गंमत. त्या काळी आयोवात ज्युरीत बायका बसतच नव्हत्या. बायकांच्या मताधिकाराची राष्ट्रीय घटनादुरुस्तीसुद्धा १९२० ची. म्हणजे मिनीचा न्याय बारा जॉन राइटच करणार होते. लेखिकेने खटला कोर्टात जाऊच दिला नाही, स्वयंपाकघरातच निकाल लावला.

मक्याचं_शेत

आयोवात राहतो, म्हणून थोडी भर. ही कथा हवेतून आलेली नाही. राजधानी डे मॉइनच्या दक्षिणेला इंडियनोला नावाचं गाव आहे, आता ते गरम हवेच्या फुग्यांच्या उत्सवासाठी ओळखलं जातं. त्याच्या जवळच्या शेतावर डिसेंबर १९०० मध्ये जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याला झोपेत कुऱ्हाडीने मारलं. बायको मार्गारेट म्हणाली, मी त्याच पलंगावर होते, कोण आलं ते पाहिलं नाही. ग्लास्पेल तेव्हा 'डे मॉइन डेली न्यूज'ची तरुण वार्ताहर. तिने खटल्याच्या बातम्या एकामागोमाग एक दिल्या. सुरुवातीच्या बातम्यांत मार्गारेट थंड, दगडी काळजाची वाटते. वार्ताहरबाई त्या घरी जाऊन आल्यावर सूर हळूहळू मवाळ होतो. एप्रिल १९०१ मध्ये जन्मठेप, पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, १९०३ च्या फेरखटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही आणि बाई सुटली. खून कुणी केला ते अजून सिद्ध झालेलं नाही. ग्लास्पेलने त्या खटल्यानंतर बातमीदारी सोडली. पंधरा वर्षांनी, १९१६ मध्ये, याच मालावर 'ट्रायफल्स' ही एकांकिका लिहिली, मिसेस हेलची भूमिका स्वतः केली आणि दुसऱ्या वर्षी तिची कथा केली.

आता धाग्याच्या कामाचा मुद्दा. खरा हॉसॅक संतापी आणि घरच्यांना त्रास देणारा म्हणून शेजाऱ्यांत बदनाम होता, आणि त्या जोडप्याला नऊ मुलं होती. लेखिकेने ते सगळं काढून टाकलं. कुऱ्हाड गेली, मुलं गेली, मारझोड गेली. राहिला तो न पिणारा, कर्ज फेडणारा माणूस.

थंडीबद्दल म्हणाल तर बरण्या फुटतात हे अगदी खरं. जानेवारीत इथल्या एखाद्या सुट्या शेतघरापुढून गाडी नेलीत तर मिनी कशात राहत होती ते कळेल. तिच्या घरी तर फोनही नव्हता. कथेतला हेल त्या घरी जातो तोच मुळी सामायिक फोन घेता का म्हणून विचारायला. राइटला आधी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, लोक तसेही फार बोलतात.

ओसरी

@मक्याचं_शेत, धन्यवाद! यातलं अर्धं मला माहीत नव्हतं. म्हणजे तिच्या हातात मारकुटा नवरा आयता होता आणि तिने तो बाजूला ठेवला. तो ठेवला असता तर आपण सगळ्यांनी पहिल्या पानावर हॉसॅकला दोषी ठरवून पुस्तक मिटलं असतं.

चिंचगूळ

अमेरिकन लेखिका केट शोपँची 'द स्टोरी ऑफ अॅन अवर' घ्याच. १८९४ ची, जेमतेम तीन पानं. मिसेस मॅलर्डला हृदयविकार, म्हणून रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी बहीण जपून, अडखळत सांगते. ती रडते, खोलीत जाते, दार लावते, खिडकीसमोरच्या आरामखुर्चीत बसते. बाहेर वसंत, पाऊस नुकताच पडून गेलेला, खाली कुणीतरी काहीतरी विकायला ओरडतंय. आणि तिच्या लक्षात येतं की आपण सुटलो.

यातला ब्रेंटली मॅलर्ड तर सगळ्यांत निर्दोष. त्याने तिच्याकडे प्रेमाशिवाय कधी पाहिलं नाही असं ती स्वतःच कबूल करते. तिनेही त्याच्यावर प्रेम केलं होतं. कधी कधी. (हे 'कधी कधी' काय चपखल आहे!) पुढे तिला वाटतं ते जास्त झोंबतं. आपली इच्छा दुसऱ्यावर लादायचा हक्क आपल्याला आहे असं माणसं धरून चालतात, मग हेतू मायेचा असो की दुष्ट. ती खाली येते तर दारात नवरा उभा, तो अपघाताच्या जवळपासही नव्हता. ती जागीच जाते. डॉक्टर म्हणतात, आनंदाचा धक्का.

शोपँचे वडील ती लहान असताना खरोखरच रेल्वेच्या अपघातात गेले होते, १८५५ मध्ये. आणि ती स्वतः १८८२ मध्ये विधवा झाली, सहा मुलं आणि नवऱ्याचं कर्ज पदरात. लिहायला लागली ती त्यानंतर.

खटपट्या

हे म्हणजे कहर झाला. प्रेम करणारा नवरा, मारत नाही, पीत नाही, तरी मेला तर बायको खूश. मग नवऱ्याने करायचं तरी काय? सांगा, वहीत लिहून घेतो. (हलके घ्या.)

डॉ_अर्धवट

@खटपट्या, वहीत हे लिहा : बायको आजारी असेल तर तिला काय वाटतं ते तिला विचारणे.

शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर', १८९२. बाळंतपणानंतर खिन्न झालेल्या बायकोला डॉक्टर नवरा हवापालटासाठी भाड्याच्या वाड्यात आणतो. वरची खोली, खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला, भिंतीला पिवळट कळकट कागद. लिहायची बंदी, म्हणून ती चोरून लिहिते आणि तेच आपण वाचतो. हळूहळू तिला कागदाच्या नक्षीमागे रांगणारी बाई दिसायला लागते.

यातला नवरा, त्याचंही नाव जॉन, मला वाचवत नाही, कारण मी त्याला ओळखतो. तो कधी आवाज चढवत नाही. उचलून वर नेतो, निजवतो, वाचून दाखवतो, 'माझी वेडी गं ती' या सुरात बोलतो. आणि तिचं प्रत्येक वाक्य खोडतो, कारण तो डॉक्टर आहे. ओपीडीत नवरा-बायको आले की मी बाईंना विचारतो, उत्तर नवरा देतो आणि कित्येकदा मीही तेच लिहून घेतो.

ही लेखिकेची स्वतःची केस होती. १८८७ मध्ये वायर मिचेल नावाच्या त्या काळच्या नामांकित मज्जाविकारतज्ज्ञाने तिला 'विश्रांती उपचार' दिला होता. पडून राहायचं, भरपूर खायचं, आणि घरी पाठवताना सल्ला असा की शक्य तितकं घरगुती आयुष्य जगा, दिवसातून जास्तीत जास्त दोन तास डोक्याचं काम करा आणि जन्मात पुन्हा लेखणी, ब्रश, पेन्सिल हातात धरू नका. तिने काही महिने पाळलं आणि वेड लागायच्या काठावर पोचली. मग पाळणं बंद केलं. मिचेल काही राक्षस नव्हता, त्याच्या काळातलं उत्तम वैद्यक करत होता.

रात्रपाळी

वाचतेय. उत्तम धागा. पिवळ्या कागदाची कथा एकटीने रात्री वाचू नका, एवढंच सांगते.

गोलपार्कवाली

कोलकात्यात संसार झाला, त्यामुळे रवींद्रनाथांच्या 'स्त्रीर पत्र'बद्दल न लिहिणं म्हणजे पाप. १९१४, 'सबुज पत्र' मासिक. मृणाल ही एका बड्या घरची मधली सून. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी नवऱ्याला कधी पत्र लिहिलं नाही, कारण कायम एकाच घरात. आता ती पुरीला आली आहे आणि पहिलं पत्र लिहिते आहे. तेच शेवटचं.

'चांगला नवरा' हवा ना? मृणाल स्पष्ट लिहिते : तुमच्या घरी खाण्यापिण्याला तोटा नव्हता, तुमच्या थोरल्या भावाचं वागणं कसंही असो, तुमच्या चारित्र्यात असा दोष नाही की मी देवाला बोल लावावा. अख्ख्या कथेत हा नवरा काही करत नाही. तेच त्याचं काम.

मोठ्या जावेची बहीण, बिंदू, आई गेल्यावर आश्रयाला येते. सख्खी बहीण तिला मोलकरणीसारखं राबवते, कशासाठी, तर घरातल्या पुरुषांना दिसावं की पोरगी स्वस्तात पडते आहे. मृणाल तिला आपल्याजवळ घेते. मग घरचे तिचं लग्न लावून टाकतात, नवरा वेडा निघतो. ती पळून येते, परत पाठवली जाते. शेवटी कपड्यांना आग लावून घेते. घरचे म्हणतात, जाळून घ्यायची हल्ली फॅशनच झाली आहे पोरींत, सगळं नाटक. त्यावर मृणाल जे लिहिते ते बंगालीत वाचताना अंगावर काटा येतो. आशय असा की नाटकच असेल, पण ते नाटक बंगाली बायकांच्या साड्यांवरच का होतं, बंगाली शूरवीरांच्या धोतराच्या निऱ्यांवर का होत नाही, याचाही विचार व्हावा.

हे वाक्य हवेतलं नव्हतं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कोलकात्यात स्नेहलता नावाच्या मुलीने वडिलांना आपल्या हुंड्यापायी घर गहाण टाकावं लागू नये म्हणून स्वतःला पेटवून घेतलं होतं आणि शहरभर तीच चर्चा होती.

कथेने इतका गदारोळ झाला की बिपिनचंद्र पालांनी (आपल्या लाल-बाल-पालमधले पाल!) 'मृणालेर कथा' म्हणून उत्तरादाखल लिहिलं. म्हणजे स्वराज्य हवं होतं, पण सुनेने पुरीहून पत्र पाठवलेलं चालत नव्हतं.

काळाकोट

बिंदूच्या बाबतीत माझ्याकडे कलम नाही. तिथे कायद्याने सगळं रीतसर होतं. लग्न लावणारे, परत पाठवणारे, सगळे आपापल्या हक्कात होते. @खटपट्या, तुमच्या वहीसाठी.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या बुलढाण्याची बाई कुणी घेतली नाही म्हणून मीच घेतो. ताराबाई शिंदे, 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२. कथा नाही, निबंध आहे, धागाकर्तीबाईंनी रागावू नये. पण ग्लास्पेलसारखंच तेही एका खटल्यातून आलं. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःचं तान्हं मूल मारल्याबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर रकानेच्या रकाने. ताराबाईनं विचारलं, त्या मुलाला बाप होता की नाही? दुसरं लग्न तुम्ही करू देत नाही, घरात तुम्हीच नासवता, आणि फासावर ती?

पुण्यात श्रीशिवाजी छापखान्यात छापलं, किंमत नऊ आणे. लोक इतके तुटून पडले की बाईनं पुन्हा काही छापल्याचं सापडत नाही. जोतीराव फुले तेवढे आपल्या 'सत्सार' या प्रकाशनातून तिच्या बाजूनं उभे राहिले. पुढं पुस्तक विस्मरणात गेलं ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा काढलं. वाचलं नसेल तर वाचा, काय सपासप भाषा आहे राजेहो. त्यापुढं शोपँबाई फारच सभ्य वाटते.

दुपारचा_चहा

मराठी कथेत हा 'चांगला माणूस' बहुतेकदा बाप असतो असं मला वाटतं. विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुली. त्यातल्या एका कथेचं नावच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' वेगळं सांगायला नको. यावर पुण्या-मुंबईत जे वादळ उठलं त्यात मोठा प्रश्न हा होता की ही विभावरी आहे कोण, बाई की बाप्या. हे टोपणनाव घेणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर, किती तरी वर्षं गप्प राहिल्या.

खटपट्या

आता गंभीरपणे. ग्लास्पेलची कथा काल रात्री वाचून काढली. मला जॉन राइटपेक्षा मिसेस हेल लागली. शेजारी राहून ती वर्षाहून जास्त काळ मिनीकडे गेली नाही, का, तर ते घर उदास वाटायचं. आणि हे ती स्वतः म्हणते, की मी गेले नाही हाच गुन्हा, त्याची शिक्षा कोण देणार? बिंदूलाही सख्ख्या बहिणीनेच राबवलं. म्हणजे सगळं पुरुषांच्या माथी मारून कसं चालेल?

गोलपार्कवाली

@खटपट्या, कुणी मारलं? पण ती बहीण तसं का वागते ते बघा. नवऱ्याच्या घरात तिची स्वतःचीच जागा इतकी तकलादू आहे की बहिणीवर माया दाखवणं तिला परवडत नाही. कथेत ती चोरून बिंदूसाठी रडते.

ओसरी

@खटपट्या, मिसेस हेलबद्दल शंभर टक्के सहमत, माझ्या लेखात ते राहून गेलं. पण मला खरी पात्राची उडी वाटते ती मिसेस पीटर्सची. ती शेरीफची बायको, सुरुवातीला 'कायदा म्हणजे कायदा' म्हणणारी. पक्षी पाहिल्यावर तिला लहानपणी एका पोराने तिच्या डोळ्यांदेखत मांजरीच्या पिल्लावर घातलेली कुऱ्हाड आठवते, आणि कुणी धरलं नसतं तर आपण त्याला काय केलं असतं हे ती बोलता बोलता गिळते. मग तिचं स्वतःचं डाकोटातलं एकाकी घर आणि दोन वर्षांचं गेलेलं मूल. वकील तिला हसत सांगतो की शेरीफची बायको म्हणजे कायद्याशीच लग्न लागलेली. त्यानंतर ती पेटी स्वतःच्या पिशवीत कोंबायला आधी तीच धावते, मावत नाही म्हणून मिसेस हेल घेते.

आणि त्याआधीचं खोटं आठवा. वकील पिंजरा पाहून विचारतो, पक्षी उडाला का? मिसेस हेल म्हणते, मांजरीने नेला असेल. तो विचारतो, मांजर आहे का घरात? मांजर नाहीच आहे. आता मिसेस पीटर्सने नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी मिनी लटकली असती. ती म्हणते, आता नाही, मांजरी अंधश्रद्धाळू असतात, त्या निघून जातात.

काळाकोट

उलटतपासणीत मी दोघींना पाच मिनिटांत उघडं पाडलं असतं. पण तो वकील पुढे एक प्रश्नही विचारत नाही. मांजराचं ऐकतो आणि माडीवर दोर बघायला जातो.